तेरा वह्या आणि एक ओळ

"मूळ एकाच्याच हातात असावं लागतं! तेरा हातांत मूळ गेलं की राज्यं बुडतात!" दत्ताजींनी आरशाकडे बोट रोखून बजावलं.

"बुडू द्या," बाहेरून कल्पनाबाई म्हणाल्या, "पण आधी बाथरूम मोकळी करा. वैभवीची इंदूरची बस जाईल."

दत्ताजी अर्ध्या दाढीनिशी बाहेर आले. देवासच्या कारखान्यात बावीस वर्षं संगणक विभाग सांभाळून निवृत्त झालेल्या माणसाला राज्य बुडाल्याचं दुःख फार वेळ करता येत नाही. घरात नळ एकच असतो.

प्रकरण मूळवहीचं होतं. धार, देवास, बागली, गंधवानी असा त्यांचा गोतावळा माळवाभर विखुरलेला. लग्न निघालं की अक्षत कुणाकुणाला द्यायची, हे कुणा एकाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. म्हणून तेरा घरांत एकसारख्या तेरा वह्या होत्या, आणि गंमत म्हणजे त्यांत एकही पत्ता नव्हता. असायचं ते एवढंच: 'बागली — मालनबाईंना विचारा.' मग मालनबाई सांगत, बागलीत कोण कुठे राहायला गेलं, आणि कुणाला दोनदा बोलावल्याशिवाय तो येत नाही. तुळशीचं लग्न लागलं की तेराही वह्या धारला बकुळा आत्यासाहेबांकडे जमत. एकाने वाचायचं, बाराजणांनी आपापल्या वहीवर बोट फिरवायचं. बदल काय असेल तो तिथेच, सगळ्यांसमक्ष. अध्यक्ष नाही, ठराव नाही, दंड नाही. आपल्या मनाने एक शब्द घालायचा नाही की काढायचा नाही, एवढाच नियम.

दत्ताजींना हा सगळा अजागळपणा वाटे. उन्हाळाभर खपून त्यांनी मूळवही संगणकात घातली होती. यंदा, म्हणजे दोन हजार दोन साली, ते ठराव मांडणार होते: वह्या बंद, देवासचा संगणक तेवढा खरा. त्याचे चालक, योगायोगाने, दत्ताजी.

आणखी एक योगायोग होता, तो कुणाला ठाऊक नव्हता. टाइप करताना 'गंधवानी — रघुजींना विचारा' या ओळीशी दत्ताजींची बोटं थबकली, आणि पुढच्या ओळीवर गेली. रघुजी त्यांचे थोरले मामेभाऊ. आठ वर्षांपूर्वी मुलाच्या मुंजीत रघुजींनी पहिला विडा तहसीलदाराला दिला, दुसरा तहसीलदाराच्या ड्रायव्हरला, आणि तिसरा दत्ताजींना. तेव्हापासून बोलणं बंद. "ओळ मी काढली नाही," दत्ताजी स्वतःला समजावत, "फक्त घातली नाही."

चहा घेता घेता वैभवी म्हणाली, "बाबा, तुमच्या वहीसारखंच इंटरनेटचं पण आहे, मालूम है?" ती इंदूरला एका कंपनीत संगणकावर काम करी. तिचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. "सगळ्यांच्या वर तेरा रूट सर्व्हर असतात, म्हणजे मुळाशी बसलेले संगणक. कुठल्या साइटचा पत्ता त्यांना पण ठाऊक नाही. ते फक्त सांगतात, डॉट कॉमवाल्यांना विचारा, डॉट इनवाल्यांना विचारा."

"चालवतं कोण?"

"बारा वेगवेगळ्या संस्था. कुणी विद्यापीठ, कुणी कंपनी, कुणी फौज. लिस्ट सगळ्यांकडे एकच, पण हुकूम कुणाचा कुणावर नाही. बरंचसं भरवशावर चालतं."

"अशानेच बुडतं!"

"हां, पण लिस्टमधल्या बदलाला शेवटची मंजुरी अमेरिकी सरकारची लागते."

दत्ताजींचा चेहरा खुलला. "बघ! शेवटी सही एकाचीच!"

"म्हणूनच तर बाकीचे देश कुरकुरतात ना. उद्या कुणावर रागावून त्यांनी एक ओळ गाळली तर?"

दत्ताजींचा चहा भलत्या नळीत गेला. कल्पनाबाईंनी पाठीवर दोन थापा दिल्या, गरजेपेक्षा जरा जोरात.

"गेल्याच महिन्यात कुणीतरी तेराही सर्व्हरवर एकदम हल्ला केला," वैभवी पर्स उचलत म्हणाली. "तासभर. काही तर चक्क बसले. तुम्हाला कळलं?"

"नाही."

"फारसं कुणालाच नाही कळलं. उरलेल्यांनी सांभाळून घेतलं." आणि ती बसला गेली.

दत्ताजींना दिवसभर त्या न कळलेल्या हल्ल्याने छळलं. बावीस वर्षांत त्यांचं यंत्र बसलं की अख्ख्या कारखान्याला कळे, आणि आपल्यावाचून अडतं याचं त्यांना बरंही वाटे. कुणाला पत्ता लागू न देता चालणाऱ्या कामात मान कुठे असतो, हे काही केल्या ध्यानात येईना.

रविवारी धारला वाचनाची पाळी त्यांचीच होती. छापील कागद काढून त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. बागली झाली, मनावर गाव झालं, आणि त्यांनी गंधवानीवरून उडी मारली.

एक बोट थांबल्याचा आवाज होत नाही. बारा बोटं एकदम थांबली की होतो.

"दत्ताजी, गंधवानी राहिली," एक्याऐंशी वर्षांच्या आत्यासाहेब म्हणाल्या.

"टाइप करताना सुटली असेल, आत्यासाहेब. शेवटी मशीन आहे."

"असेल हो. मशीनला कितवा विडा मिळाला होता?"

दत्ताजींनी चष्मा पुसायला काढला. स्वच्छ होता, तरी पुसला.

"टेन्शन घेऊ नको भिया," शेजारचे खंडोजी म्हणाले, "आमच्या वहीत आहे ना." पलीकडून कुणी म्हणालं, "आमच्याही." आहे, आहे, आहे, असं बारा घरं फिरून आलं. कुणी रागावलं नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती.

"माझं आणि मालनचं पंधरा वर्षं वाकडं आहे," आत्यासाहेब म्हणाल्या. "पण बागलीचं कुणी विचारलं की मालनचंच नाव सांगते. सांगताना तोंड वाकडं करते. वहीत तोंड दिसत नाही, बाबा. राग घरी ठेवावा, मोठा होतो, सोबत करतो. वहीत कशाला?" मग थांबून म्हणाल्या, "वैभवीची अक्षत गंधवानीला जायचीय ना? कुणाला विचारशील?"

दत्ताजींनी पेन काढलं. छापील कागदाच्या समासात, हाताने, सगळ्यांसमक्ष ओळ लिहिली. ठराव खिशातच राहिला. तो आहे हे कुणी विचारलंही नाही.

घरी जाण्याआधी त्यांनी बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून गंधवानीला फोन लावला. आठ वर्षांनी बोलायचं, तर काही तोलामोलाचं हवं.

"दादासाहेब, मी दत्ताजी," ते म्हणाले, आणि थांबलेच नाहीत. जगाच्या मुळाशी तेरा यंत्रं कशी उभी आहेत, कुणी कुणाचा मालक नसताना सगळी एकच उत्तर कशी देतात, आपल्या रागलोभाला तिथे जागा कशी नाही, आणि एक ओळ आपल्या हातून कशी राहिली होती.



"समजलं," रघुजी म्हणाले. "नऊ घरं आहेत इथे. तू स्वतः ये अक्षत घेऊन, मी बरोबर फिरतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि दत्त्या, येताना इसबगोलाचा डबा आण. मोठा."