डावऱ्या टाक्यांची चौकट

मी एक चौकट बोलतेय. चार लाकडी पट्ट्या, पुढं काच, मागं पुठ्ठा आणि मधे मॅटीच्या कापडावर भरलेले दोन मोर. मुरगूडच्या एका माडीच्या घरात, सोप्यातल्या भिंतीवर मी टांगलेली आहे. घरात येणारा प्रत्येक जण बसायच्या आधी माझ्याकडं बघतो. माझ्या मोरांचं कौतुक आजवर सगळ्यांनी केलं. माझ्यापायी एका मुलीवर काय वेळ आली, हे मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून मीच सांगते.

माझा जन्म कोल्हापुरातला, चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतरचा. आण्णांच्या घरात दोन मुली होत्या. थोरली शालन, धाकटी छबू. शालनच्या हाताला म्हैस पान्हावायची. आडदांड म्हशीसुद्धा तिचा हात लागला की गप उभ्या राहायच्या. पण तोच हात सुई धरायचा तेव्हा लाकडासारखा व्हायचा. सुईचं सगळं कसब छबूकडं होतं. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून ती मला भरायची. ती डावरी होती.

तिचं डावरेपण माझ्या अंगावर उमटलं आहे. फुलीच्या टाक्यात एक धागा खाली पडतो आणि दुसरा त्याच्यावरून जातो. उजव्या हाताच्या बाईचा वरचा धागा एका अंगाला कलतो, डावऱ्या बाईचा दुसऱ्या. लांबून काही कळत नाही. नाक लावून बघितलं तर माझे सगळेच्या सगळे टाके उलटे कललेले दिसतील.

दोन महिने ती मला भरत होती, मुरगूडला लग्न ठरलेल्या बहिणीला द्यायला म्हणून. शेवटची गाठ मारल्यावर तिनं मला शालनच्या मांडीवर टाकलं.

"घे. तुझ्या घरात लाव. मी नसले तरी माझे मोर बसतील तुझ्याजवळ."

"लई देखणं झालंय गं," शालन म्हणाली आणि शेणाचा हात लागू नये म्हणून तिनं मला कोपरांनी उचललं.

तिथवर मी एका बहिणीनं दुसरीला दिलेली भेट होते. मला रुखवतात मांडायचं ठरलं आणि सगळं बिघडलं. रुखवतातल्या प्रत्येक वस्तूला आई चिठ्ठी टाचत होती. मलाही टाचली. 'कु. शालन हिने केले.'

छबूनं ती चिठ्ठी वाचली आणि ओढून काढली. "हे खोटं हाय, आई."

"खोटं कसलं? रुखवत नवरीच्याच नावानं असतंय. समद्या घरात असंच असतंय. तुझ्या लग्नात तुझं नाव लावू."

"पण मुरगूडच्यांनी बघायला आल्यावर काय विचारलं ते इसरलीस? 'पोरीच्या हातात काय हाय' म्हणून विचारलं. आणि त्यांची पहिली सून विहिरीत गेली, ते तुम्ही विचारलं का?"

आण्णा पान लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. "धुणं धुताना पाय घसरला तिचा. मळ्यातली विहीर. सगळं विचारून झालंय. शालन चोविसाची झाली. आता ह्यात फाटे फोडू नको."

"कुणाला विचारलं? त्यांनाच ना?"

"गप बस की! चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवालीस?"

आईनं चिठ्ठी पुन्हा टाचली. टाचणी माझ्या काठात आरपार गेली. मग मला पट्ट्या आणि काच बसवली, तेव्हा तीच चिठ्ठी काचेवर आली.

लग्नाच्या दिवशी वरमाय अंबूबाई रुखवत बघायला आल्या. बाकीच्या बायका लोकरीची कुत्री आणि मण्यांची तोरणं बघत हसत-बोलत पुढं जात होत्या. अंबूबाई माझ्यासमोर थांबल्या. त्यांनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. त्यांचं बोट काचेवरून सावकाश फिरलं. ते बोट सुईची सवय असलेलं होतं, हे मला लगेच कळलं.

"ही तू भरलीस?" त्यांनी शालनला विचारलं.

शालननं आईकडं बघितलं. आई घाईनं म्हणाली, "तिनंच की, विहीणबाई! दोन महिनं मान वर केली न्हाय पोरीनं."

"व्हय," शालन म्हणाली. तेवढा एकच शब्द. तो काय करणार आहे, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुरगूडला मला सोप्यात टांगलं. त्या घराचा तंबाखूचा व्यापार होता. भिंतींनासुद्धा तंबाखूचा वास यायचा. मी ज्या खिळ्यावर गेले त्याच्या भोवती भिंतीचा एक पांढरा चौकोन उरला होता, माझ्याहून मोठा. बाकीची भिंत धुरकटलेली आणि तेवढाच तुकडा नवा. तिथं आधी काय होतं ते शेजारच्या धोंडुबाईकडून कळलं. ती ताक न्यायला आली आणि मला बघून म्हणाली, "हितं हिराचा लग्नातला फोटो हुता न्हवं?"

"हुता," अंबूबाई म्हणाल्या. "ताक सांडंल, नीट धर."

हिरा म्हणजे त्यांची पहिली सून, विहिरीत गेलेली ती.

दोनेक महिने बरे गेले. शालननं गोठा ताब्यात घेतला. दूध वाढलं. तिचा नवरा बाळासो दुकानातून यायचा, जेवायचा, आई जे म्हणेल त्याला मान हलवायचा. मला वाटलं, निभावलं.

मग एका दुपारी अंबूबाईंनी शालनपुढं उशीचा अभ्रा टाकला. "उसवलाय. दोन टाके घाल." आणि त्या समोर बसल्या. शालननं उजव्या हातात सुई धरली. तीन वेळा दोरा चुकला. चौथ्यांदा बोटात सुई गेली.  अंबूबाई उठून माझ्यापाशी आल्या, चष्मा लावला आणि खूप वेळ बघत राहिल्या.

"टाका सगळा डावरा हाय," त्या म्हणाल्या. सुनेला नाही, मलाच जणू. आवाज अगदी मऊ होता.

शालनचा चेहरा उतरला. "आत्ती, ते... माझ्या बहिणीनं..."

"असू दे, असू दे. मी काय म्हटलं का?"

त्यांनी आदळआपट केली असती तर शालननं रडून माफी मागितली असती आणि विषय संपला असता. पण त्या घरात त्या दिवसापासून कुणी आवाज चढवलाच नाही. बोलणं कमी झालं. दोघी एका चुलीपुढं असायच्या आणि सोप्यात मला फक्त भांड्यांचा आवाज यायचा.

आठवड्यानं अंबूबाईंनी मला खिळ्यावरून काढलं, माडीवरच्या खोलीत नेलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यापुढं कोरी मॅटी आणि दोऱ्यांच्या लडी मांडल्या. "माझ्या लेकीच्या बाळाचं बारसं हाय पुढल्या महिन्यात. तिला अशीच एक भरून दे. ही समोर ठेव. तुझीच हाय, तुला काय अवघड?"

"आत्ती, मला येत न्हाय ओ. मी खोटं बोलले. चुकलं माझं."

"येतंय की. चिठ्ठीवर नाव हुतं तुझं." आणि बाहेरून कडी लागली. "भरून झालं की हाक मार. मग जेव."

शालन भरायला बसली. दिवसभरात मोराची निम्मी चोचसुद्धा झाली नाही. दिवेलागणीला अंबूबाई वर आल्या, कापड हातात घेतलं आणि कात्रीच्या टोकानं एकेक टाका उसवला. घाई नाही, राग नाही. उसवून झाल्यावर गार भाकरी पुढं ठेवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शालनची बोटं सुजली. माझ्या काचेत तिला तिचा चेहरा दिसायचा, म्हणून तिनं मला भिंतीकडं तोंड करून ठेवलं. मग मी फक्त ऐकत होते. पुढचं सांगते ते आवाजांवरून जुळवलेलं.

माडीच्या खिडकीसमोर धोंडुबाईचं माळवद होतं. ती मिरच्या वाळत घालायला यायची. पाचव्या दिवशी ती खिडकीजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरी, हिराला बी हितंच बसवलं हुतं. तिला सोटर सांगितला हुता इणायला, बाळासोला. तिला इणता यायचं न्हाय."

शालनच्या हातातली सुई थांबली.

"आणि आज अंबू काय म्हणत हुती ठावं हाय? सुनेचं डोसकं ठिकाणावर न्हाय म्हणं. एकलीच माडीवर बसतीया, खात न्हाय, पीत न्हाय. साऱ्या गल्लीला सांगालीया." धोंडुबाईनं आवाज अजून उतरवला. "हिराच्या येळंला बी आधी हेच सांगितलं हुतं. मग म्हणली, मळ्यात मोकळी हवा हाय, धुणं तिकडं न्हे."

धोंडुबाई खाली गेली. मग कापड फाटल्याचा आवाज आला. शालननं मॅटीचा तळहाताएवढा तुकडा फाडला होता. ती पुन्हा भरू लागली. या वेळी तिचा श्वास जोरात चालला होता. दोन दिवस ती दारात पावलं वाजली की तो तुकडा चोळीत लपवायची आणि मोराची चोच पुढं ओढायची.

तिसऱ्या दिवशी धोंडुबाई माळवदावर आली. "उद्या कोल्हापूरला चाललोय आम्ही, अंबाबाईला."

"मावशी, माझ्या बहिणीला एवढं द्याल? भेट म्हणून द्या. मी माझ्या हातानं केलंय म्हणून सांगा."

धोंडुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं तुकडा उलटसुलट करून बघितला. "काय गं ह्यो गुंता? बहीण हसंल की तुला."

"हसू दे. पण तिच्याच हातात द्या."

त्याच सांजेला अंबूबाई कापड उसवायला आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "लई दिवस कोंडून घेतलंस स्वतःला. परवा धुणं घेऊन मळ्यात जा. मोकळी हवा लागंल." आवाज तसाच मऊ.

परवाचा दिवस उजाडला. पण अंबूबाईंनी धुण्याचं बोचकं बांधून दारात ठेवलं तेव्हा सकाळच्या एस.टी.नं आलेली दोन माणसं उंबऱ्यावर उभी होती. छबू आणि आण्णा.

"या की पावणं," अंबूबाईंचं बोलणं खालून ऐकू आलं. "अचानक?"

आण्णा घुटमळत म्हणाले, "हिकडंच काम हुतं..."

"काम न्हवतं. ताई कुठं हाय?" छबूनं उत्तराची वाट बघितली नाही. जिन्यावर तिची पावलं वाजली. कडी निघाली. शालननं कुजबुजत दोन-चार शब्दांत सगळं सांगितलं. मग कुणीतरी मला भिंतीकडून वळवलं, आणि मी छबूला बघितलं. तिच्या मुठीत मॅटीचा तो तुकडा होता. त्यावर वेड्यावाकड्या, एकमेकांवर चढलेल्या टाक्यांत दोन शब्द होते. 'छबू ये'.

अंबूबाई, बाळासो, आण्णा सगळे वर आले. छबू चटईवर बसली. तिनं डाव्या हातात सुई घेतली आणि सगळ्यांच्या देखत भराभरा टाके घातले. उसवून उसवून विरलेल्या कापडावर पुरी चोच उठली.

"बघा मावशी. ही चौकट मी भरलीया. खोटं आमच्या घरानं बोललं, चिठ्ठी आमच्या आईनं लावली. त्याचा दंड तुम्ही हिच्याकडनं वसूल करालाय. दाजी, तुम्हाला ठावं हुतं का बाहेरनं कडी असती ते?"

बाळासोनं आईकडं बघितलं.

"पोरगी लई बोलतीया, आण्णा," अंबूबाई हसल्या. "न्या की. कुणी बांधून ठेवलंय? पण आज गेली की ती गेली, एवढं ध्यानात धरा."

आण्णा गडबडले. "न्हाय न्हाय, तसं न्हाय. चार दिवस ऱ्हाईल आणि..."

"आण्णा!" छबू ओरडली. "अजून कळंना का तुम्हाला?"

तेव्हा शालन उठली. इतके दिवस तिचा आवाज कुजबुजीच्या वर गेला नव्हता. "आण्णा, मी आठ म्हशींच्या धारा काढीन. लोकं काय म्हणतील ते म्हणू देत, मी ऐकून घेईन. पण त्या विहिरीवर मी जाणार न्हाय."

 आण्णांनी पहिल्यांदा अंबूबाईंच्या तोंडाकडं नीट बघितलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "चल."

जाताना छबूनं मला उचललं. अंबूबाईंनी माझी दुसरी बाजू धरली. "रुखवतात आलेली वस्तू परत जात न्हाय."

दोघींच्या ओढाताणीत माझ्या एका कोपऱ्याचा खिळा सुटला. छबूनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा जिना उतरणाऱ्या बहिणीकडं. आणि मला सोडून दिलं. तिनं बरोबर केलं. मला त्याचं दुःख नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. कोपरा ठोकून मला परत सोप्यात लावलं आहे. तीन वर्षांत कुणी माझी काच पुसली नव्हती. काल ती पुसली. दुपारी पावणे आले. गगनबावड्याकडचा एक शेतकरी आणि त्याचा भाऊ. अंबूबाईंनी चहा दिला आणि पदरानं डोळे टिपत माझ्याकडं बोट केलं. "आमच्या सुनेनं भरलीया. काय हात हुता! डोसकं फिरलं बिचारीचं. आमचं नशीब."

तो भला माणूस माझ्यापाशी आला, मोर बघून हरखला. "आमच्या पोरीला बी लई हौस हाय ओ ह्याची," तो म्हणाला. "पर तिच्या हातनं हुत न्हाय. तिची आत्या भरून देती."

अंबूबाई हसल्या. "असू दे, असू दे."

मी काचेच्या आत आहे. मला उठून त्याचा हात धरता आला नाही. तो निघाला तेव्हा शेजारच्या दारात धोंडुबाई उभी होती. तिनं तोंड उघडलं, पण तो घाईत होता. त्याला एस.टी. धरायची होती.

बाळासोच्या तिसऱ्या लग्नाची सुपारी येत्या रविवारी फुटणार आहे. मुलीचं नाव मला माहीत नाही. तिच्या बापानं ते एकदाही घेतलं नाही, नुसतं 'आमची पोरगी' म्हणाला. घाटाच्या अलीकडचं गाव, घरात एक आत्या, आणि ती आत्या या घटकेला रुखवतासाठी काहीतरी भरत बसली असेल. एवढ्यावरून घर सापडेल. तुमच्यापैकी कुणी त्या वाटेनं जाणार असेल तर रविवारच्या आधी जा. बापाशी बोलू नका, आत्याशी बोलू नका. त्या मुलीलाच बाहेर बोलवा.