बर्फ पडेपर्यंत गप्प

मी एकोणीस नंबरचा टॅबलेट बोलतोय. हळू बोलतोय, कारण बॅटरी अकरा टक्के उरली आहे, आणि शिवाय मला भीती वाटते आहे.

कॅनडात, उत्तर ओंटारियोतल्या आमच्या तळ्याकाठच्या शाळेत आम्ही चोवीस जण एकाच दिवशी रुजू झालो. मुलांना त्यांच्याच आदिवासी पूर्वजांची अनिशिनाबे भाषा शिकवायला आम्हाला आणलं होतं. वर्षभर त्यांनी आमच्यावर गेममधल्या मोटारी पळवल्या. मग लॉइस बाईंनी पुस्तकं मिटली आणि फर्मान काढलं, "घरी जा, म्हाताऱ्यांना बोलतं करा, आवाज भरून आणा. आपण गावाचा बोलता नकाशा करू."

वर्गात तोंड न उघडणारी पोरं आज्यांच्या मागे "याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात" करत फिरू लागली. आज्या वैतागल्या, म्हणजे मनातून खूश झाल्या.

त्यांच्यातली टेस्सा मला तिच्या ओफिलिया आजीकडे घेऊन गेली. एप्रिल लागला होता. आजीनं खिडकीतून शेडमागे पाहिलं. "आहे अजून बर्फ. बस." आणि तिनं पूर्वजांची एक गोष्ट सांगितली. गावात ती दुसऱ्या कुणाला येत नाही. आमच्याकडे अशा गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात, तेव्हाच ऐकतात.

नकाशा उघडायचा दिवस मात्र ठरला मे महिन्यात.

"ही पाटी उन्हाळ्यात बोलेल, ते चालायचं नाही," आजी म्हणाली.

"नेटवर ठेवू ना, आजी. लोक थंडीत ऐकतील."

"तुझ्या नेटवर कुठं ना कुठं उन्हाळा असतोच की गं!"

लॉइस बाई हसल्या, पण ऐकलं आजीचंच. माझं नेट तोडलं. बर्फ पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, नक्कलसुद्धा करायची नाही. टेस्साला मार्क मिळाले. गोष्ट माझ्यापाशी राहिली, फक्त माझ्यापाशी.

मे महिन्यातच आजीला झटका आला. जीव वाचला, वाचा गेली.

आणि जून आला. शाळेचं वर्ष संपलं की जूनमध्ये मोठ्या कार्यालयातून एक गृहस्थ येतात आणि एकेक टॅबलेट कोरा करतात. सभ्य आहेत, शीळ घालत पुसतात. कपाटात ती शीळ मला जवळ येताना ऐकू येत होती. सोळा. सतरा. तेवढ्यात मागच्या दारानं टेस्सा आली आणि मी तिच्या कोटाखाली गेलो. कागदोपत्री आता मी हरवलेला आहे. कार्यालयानं इतक्या तत्परतेनं केलेली ही पहिलीच नोंद असावी.

"आजी, हा कुठं लपवू? ते घरी शोधायला येतील!"

आजी काठी टेकत उठली. फ्रीझर उघडला आणि आतल्या बर्फाच्या पांढऱ्या थराकडे बोट दाखवलं. टेस्सा रडता रडता हसली. "हुशार आहेस हं, म्हातारे!"

म्हणून मी पिशवीत, मासे आणि मूस या थोरल्या हरणाच्या मांसामध्ये, उणे अठरा अंशात पडून आहे. या दोघींना वाटतं, थंडीत सगळं टिकतं. मासे टिकतात. माझ्या जातीचं मला ठाऊक नाही.

टेस्सा, मला बाहेर काढशील तेव्हा लगेच बटण दाबू नकोस. पिशवीतच हळूहळू गरम होऊ दे. आजीला शेजारी बसव. आणि त्याआधी, पोरी, खिडकीतून शेडमागे एकदा बघ.