मरून कापड, पांढरी अक्षरं

माणसाच्या अधःपतनाला नेमकी सुरुवात कधी झाली, यावर विद्वानांत मतभेद आहेत. काकांच्या मते ती कापडात पॉलिएस्टर मिसळलं त्या दिवशी झाली. आणि सकाळी सव्वादहाला, मरून रंगाचा टी-शर्ट उंदराला शेपटीने धरावं तसा चिमटीत धरून, ते हे मत पुतण्याला तिसऱ्यांदा ऐकवत होते.

"पासष्ट टक्के प्लास्टिक आहे हे. अंगात घालायचं नाही, यात कचरा भरायचा."

पुतण्या दुकानाचा मालक. वडील गेल्यावर दुकान त्याच्याकडे आलं, आणि दुकानाबरोबर काकाही. काका अठरा वर्षं हीट प्रेसवर होते. व्हिनाइलची कापलेली अक्षरं कपड्यावर मांडायची, वरून तापलेली पाटी दाबायची, अक्षरांवरचा कागद सोलायचा, एवढंच काम. पण अठरा वर्षांत त्यांच्या हातचा एकही कपडा परत आला नव्हता. हे ते कुणी न विचारता सांगत.

टी-शर्ट साठ होते, सकाळी चालायला जाणाऱ्या एका मंडळाचे. छातीवर मंडळाचं नाव, पांढऱ्यात. काकांच्या वहीत मिश्र कापडाची नोंद होती: एकशे तीस अंश, दहा सेकंद. आधी एक नमुना दाबून दोन दिवस टांगून ठेवायचा.

मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना माल संध्याकाळी हवा होता. त्यात पहिल्याच टी-शर्टवर एका अक्षराचा कोपरा उचलला गेला. पुतण्याने काकांना बाजूला सारलं, आकडा एकशे साठवर नेला आणि वीस सेकंद दाबून धरलं.

"चिकटलं की नाही?"

"चिकटलं. तव्यावर हात ठेवलास तर कातडीही चिकटेल."

दुकानभर जळक्या कंगव्याचा वास सुटला. प्रत्येक छातीवर पाटीचा चौकोन चकाकत राहिला, कुणीतरी तेलकट तोंड पुसून गेल्यासारखा. हा नुसता चटका नाही, काकांनी समजावून पाहिलं. एवढ्या उष्णतेने कापडातला मरून उठतो आणि पांढऱ्यात शिरतो. आज दिसत नाही, परवा दिसतो. पुतण्या म्हणाला, परवाचं परवा बघू.

"मग ऐक," काका म्हणाले. "यातला एक जरी परत आला, तर या आकड्यांना तू पुन्हा हात लावायचा नाहीस."

"आणि नाही आला तर?"

"तू म्हणशील तसं दाबीन."

संध्याकाळी एकोणसाठ गेले; कोपरा उचललेला तो पहिला टी-शर्ट एकशे साठची शिक्षा भोगून दुकानातच राहिला होता. काकांनी तो पुतण्याच्या खुर्चीसमोर खिळ्याला टांगला. दुसऱ्या दिवशी अक्षरं गुलाबी झाली. साधी गुलाबी नव्हे. ग्लासात बुडवलेल्या कवळीच्या हिरड्या असतात तशी. काकांनी फक्त दिवा त्या बाजूला वळवला.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षीणबाई आल्या, मंडळाचा टी-शर्ट घालून, चालून घामेजलेल्या. चौकोन चकाकत होता, हिरड्या ठसठशीत उमटल्या होत्या. काका हात पुसून पुढे आले. अठरा वर्षांत परत येणाऱ्या कपड्याची त्यांनी पहिल्यांदाच इतकी आतुरतेने वाट पाहिली होती.

"आम्ही पांढरं सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

काकांनी पुतण्याकडे पाहिलं.

"पण हेच छान दिसतंय हो. अजून चाळीस हवेत. गुलाबी तेवढा एकसारखा येऊ द्या, काहींचा फिका आलाय. आणि तो चकचकीत चौकोनही राहू द्या."

बाई गेल्यावर पुतण्या हसला नाही. तेवढं वळण घरातलं होतं. "काका, घाई नाही या वेळी," तो म्हणाला. "नमुना दाबा, दोन दिवस ठेवा."

काकांनी एकशे साठला नमुना दाबला, दोन दिवस टांगला, उजेडात नेऊन पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"फिका आहे. असा नाही जाणार माझ्या हातून."

दुसरा नमुना एकशे पासष्टला दाबला. मग त्यांनी वही उघडली, जुनी ओळ न खोडता तिच्याखाली वळणदार अक्षरात लिहिलं: मरून, मिश्र, एकशे पासष्ट, बावीस सेकंद.

चाळिसातला एकही परत आला नाही.