गुरुवारची अपॉइंटमेंट

आमच्या क्लिनिकच्या वेबसाइटवर डॉक्टरांचा हसरा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'विश्वासार्ह आरोग्य माहिती, थेट डॉक्टरांच्या लेखणीतून.' ती लेखणी माझी. बारा वर्षं वॉर्डात नर्स होते, पाठीनं दगा दिला म्हणून खुर्चीत येऊन बसले. मी लेख लिहायचा, जाहिरातवाल्यानं त्यावर हात फिरवायचा आणि डॉक्टरांनी दोन पेशंटच्या मध्ये फोनवर अंगठ्याचं चित्र पाठवायचं. झाला लेख मंजूर! पूर्वी वाचता न येणारे अंगठा उठवायचे, आता वाचायला वेळ नसलेले उठवतात.

पक्षाघाताचा लेख मी जीव ओतून लिहिला होता. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी घरी थांबू नका. तडक मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.' लोक फसतात ते नेमके तिथंच. बरं वाटलं की हुश्श म्हणतात आणि खरा झटका मागून येतो.

जाहिरातवाल्यानं तेवढंच उडवलं.

"ताई, आपल्याकडे इमर्जन्सी आहे का?"

"नाही."

"मग आपल्या पानावर आलेला माणूस दुसऱ्याच्या दारात कशाला पाठवायचा?"

त्यानं लिहिलं, 'अशी लक्षणं जाणवली तर घाबरू नका. आजच अपॉइंटमेंट बुक करा.' खाली हिरवं बटण. डॉक्टरांचा अंगठा आला. मी दोनदा कुरकुर केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "इंटरनेटवर शोधलं की तो लेख पहिल्या नंबरवर दिसतोय, आता त्याला हात लावू नका." पाठ गेलेल्या बाईला खुर्चीतली नोकरी पुन्हा कोण देणार? मी मूग गिळून बसले. आठ महिने.

माझ्या लेखांचं सगळ्यात जास्त कौतुक मावशीला. आई गेल्यावर मला तिनं आणि तिच्या यजमानांनी, काकांनीच वाढवलं. "आमच्या पोरीनं लिहिलंय, डोळे झाकून विश्वास ठेवा," असं म्हणत ती प्रत्येक लेख अख्ख्या नात्यात पाठवायची.

मंगळवारी सकाळी तिच्या हातून कप निसटला. तोंड जरा वाकडं झालं, शब्द अडखळले. पंधरा मिनिटांत ती ठीक झाली आणि घाबरलेल्या काकांनाच हसायला लागली. तरी शंका नको म्हणून काकांनी माझा लेख उघडला, अगदी शेवटपर्यंत वाचला आणि हिरवं बटण दाबलं. गुरुवारी साडेअकराची वेळ मिळाली. मला फोन करतो म्हणाले, तर मावशी म्हणाली, "ती कामात असेल. आणि लिहिलंय तेच सांगणार ना?"

बुधवारी दुपारी ती बाथरूमच्या दारात कोसळली.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी फोनवरूनच ती उडवलेली ओळ होती तशी परत घातली आणि मंजुरीला पाठवली. मिनिटभरात डॉक्टरांचा अंगठा आला. वाचतंय कोण! आठ महिन्यांत तो कधीही आला असता.

मावशीची उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाई खाटेशी येऊन म्हणाल्या, "मंगळवारीच आणलं असतंत तर कदाचित हे टळलं असतं."

"अहो, आम्ही लगेच अपॉइंटमेंट घेतली होती," काका म्हणाले. त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. तू लिहिलंस तसंच आम्ही केलं. तुझा काय दोष?"

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. हे सोसवेना.

"काका, मी तसं नव्हतं लिहिलं. बरं वाटलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा, असं लिहिलं होतं. त्यांनी ते काढून टाकलं."

"कधी?"

"आठ महिने झाले."

"आणि तुला माहीत होतं?"

"हो."

खांद्यावरचा हात गेला.

"जगाला सांगायची हिंमत नव्हती, ठीक आहे," ते म्हणाले. "पोटासाठी माणूस गप्प बसतो. पण घरात तरी सांगायचंस! एक फोन. त्या लेखातलं शेवटचं ऐकू नका, एवढंच."

"लाज वाटली, काका. ती इतक्या कौतुकानं पाठवायची सगळ्यांना."

वाचा गेलेल्या माणसासमोर लोक वाट्टेल ते बोलतात. बोलता येत नाही म्हणजे कळतही नाही, असं धरून चालतात. वॉर्डात असताना यावरून मी कितीतरी नातेवाइकांना दटावलं होतं.

मावशीचा डावा हात इतका वेळ माझ्या हातात होता. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग हलणारा तेवढा एकच हात तिनं माझ्या हातातून काढून घेतला.