“बंद कर” म्हणजे नक्की काय?

भिंगरीला घरात भिंगरी म्हणायचे ते काही उगाच नाही. त्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तर बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागतच नव्हते. कुणी काहीही सांगो, उत्तर एकच, “मी आहे ना!”

त्या दुपारी आई औषधांच्या दुकानात कामाला निघताना म्हणाली, “सिंकची जाळी साफ केल्याशिवाय डिशवॉशर लावू नकोस. त्याचं घाण पाणी सिंकच्याच पाइपातून जातं. आणि आबांकडे लक्ष ठेव.”

“अगं आई, मी आहे ना!”

“तीच तर काळजी आहे,” म्हणत आई गेलीसुद्धा.

जाळी साफ करायची म्हणजे त्यात हात घालायचा. ई! भिंगरीने जाळीच उचलून बाजूला ठेवली, कढईतला थिजलेला तेलकट गाळ आणि भाताची शितं चमच्याने पाइपात ढकलली, डिशवॉशर लावला आणि आरशासमोर भाषण ठोकायला गेली.

परत आली ती आवाजाने. कुणीतरी खोल घशातून गुळण्या करत असावं तसा आवाज. सिंक काळ्या पाण्याने काठोकाठ भरलं होतं आणि ते पाणी ओट्यावरून खाली ओघळत होतं. खाली फरशीवर एक्स्टेंशन बोर्ड होता. त्यावर आबांचं कानाचं यंत्र चार्ज होत होतं. त्याचा लाल दिवा लुकलुकत होता.

भिंगरीने झटकन डिशवॉशरचं दार उघडलं. आवाज थांबला, पाणीही थांबलं. मग तिने फोन लावला.

“आई, सिंकमधून पाणी बाहेर आलंय!”

“बंद कर! आधी बंद कर ते!” मग दुसऱ्याच कुणाला तरी, “काका, ही जेवणानंतर घ्यायची, हं.” आणि फोन कट.

आईने सांगितलं बंद कर. भिंगरीने बंद केलं. दार! धाडकन!

दार लागलं की हे यंत्र राहिलेलं काम पुढे सुरू करतं, हे तिला आठवलं ते पुन्हा गुळण्या सुरू झाल्यावर. पाणी धो धो खाली आलं, फरशीवर पसरलं, तिच्या अंगठ्याला लागलं. बोर्डातून चर्र झालं. भिंगरी एका उडीत स्टुलावर. आता ना दार हाताला येत होतं, ना खाली पाय टाकायची हिंमत होत होती. मेन स्विच होता स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, पॅसेजच्या भिंतीवर.

आणि त्याच दारात आबा उभे! अनवाणी. हातात रिकामा ग्लास.

“आबा, येऊ नका! आबा!” घसा फाटेल अशी ती ओरडली. पण आबांचे कान तर त्या बोर्डावर! तिने तळहात पुढे केला, थांबा म्हणून. आबांचा चेहरा खुलला. बक्षीस मिळाल्यापासून दोघांचं हे रोजचंच होतं ना. त्यांनीही हात वर केला आणि टाळी द्यायला पाऊल उचललं.

हात हलवावा तर त्यांना अजून गंमत वाटणार. मग एकदम तिला सुचलं. तिने गर्रकन पाठ फिरवली, हाताची घडी घातली आणि मान खाली घातली.

भिंगरी रुसली! अशी ती रुसली की आबा जागचे हलत नसत. लहानपणी तर तिला रुसायला अंधार लागायचा, आणि आई कितीही करवादली तरी आबा सरळ मेन स्विच खाली ओढायचे.

पाठीमागे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. पाऊल मागे गेलं की पुढे पडलं? वळून बघावं तर रुसवा गेला असं समजून ते पुढे येतील. डोळे घट्ट मिटून तिने एक बोट मागे केलं आणि खाली, खाली, पुन्हा खाली दाखवलं.

“आता मी काय केलं गं?” आबांचा आवाज आला. “आणि एवढी घोडी झालीस, अजून अंधार हवा?”

खट्ट.

गुळण्या थांबल्या. फ्रिजची घरघर थांबली. बोर्डावरचा लाल दिवा गेला. भिंगरी वळली. आबा उंबऱ्याच्या पलीकडे होते आणि पाणी अलीकडे, त्यांच्या बोटांना टेकेल इतकं जवळ.

तेवढ्यात फोन वाजला. “बंद केलंस का?”

“आई,” भिंगरी म्हणाली, “यापुढे दार लाव म्हण नाहीतर बटण दाब म्हण. पण बंद कर म्हणू नकोस.”

आबांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. रुसवा गेला एवढंच त्यांना दिसलं, आणि त्यांनी टाळीसाठी पुन्हा हात वर केला. भिंगरीला मात्र तिचा हात काही केल्या उचलता येईना.