शेजारची सीट

मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझं डोकं फिरलेलं आहे. गाडीला डोकं कुठून आलं, असं मला विचारू नका. एखाद्या हौशी माणसाच्या हाती पडून बघा, म्हणजे नसलेलं डोकंही दुखतं हे तुम्हाला कळेल.

जन्मले तेव्हा मी देखणी होते. हे मी म्हणत नाही, कारखान्यातली मंडळी म्हणायची. माझ्या दारांवरून शेवटचा हात फिरवणाऱ्या बाईने शेजारणीला हाक मारून दाखवलं होतं, "बघ गं, कशी बसलीय! आत्ता पळेल असं वाटतं." पळायलाच तर मला घडवलं होतं. अंगाने हलकी, जमिनीला धरून चालणारी आणि वळणावर तोल न सोडणारी. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्यावर जो आळ आला तो नेमका याच बाबतीत.

माझे पहिले मालक रंगाच्या दुकानाचे मालक होते. त्यांनी मला पुसलं. बस, एवढंच केलं. सकाळी पुसलं, संध्याकाळी पुसलं, पाहुणे आले की झाकण काढून दाखवलं आणि पुन्हा पुसलं. गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन परत आणायचे आणि म्हणायचे, "धूळ फार आहे." मी पळायला जन्मलेली आणि माझ्या नशिबी फडकं! शेवटी त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, माझ्यात वाकून बसणं होईना, आणि मी विकली गेले.

मग मला डॉक्टरांनी घेतलं. दातांचे डॉक्टर. माणूस वाईट नाही हो. हात तर इतका हलका की दाढ काढली तरी पेशंट विचारतो, "झालं?" दिवसभर लोकांना सांगतात, "मी सांगेपर्यंत हलू नका." पण स्वतःला कुणी काही सांगितलेलं त्यांना खपत नाही.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवते. सगळे तिला बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणते. सुरुवातीचे ते दिवस आठवले की अजूनही बरं वाटतं. सुट्टीच्या सकाळी डॉक्टर माझं छप्पर मागे सारायचे, बाई थर्मास घेऊन शेजारच्या सीटवर बसायची, आणि आम्ही तिघं गावाबाहेरच्या घाटात जायचो. बाई अखंड बोलायची. "अहो, हळू. अहो, डावीकडे. मी सांगितलं होतं ना डावीकडे!" परत येताना मात्र तिला डुलकी लागायची, आणि डॉक्टर खड्डा आला की मला इतकं अलगद काढायचे की तिची मान हलत नसे. तेव्हा त्यांचा पाय कसा लोण्यासारखा चालायचा! म्हणजे येत होतं त्यांना. हेच तर माझं दुखणं आहे.

मग एक दिवस दाढ भरून घ्यायला छापखानेवाला आला. त्याचीही एक स्पोर्ट्स कार होती, निळी. तोंडात कापूस असतानाही त्याने डॉक्टरांना मोटर क्लबबद्दल सांगितलं. शहराबाहेर गाड्या पळवायचं गोल मैदान आहे, दर रविवारी हौशी मालक आपापल्या गाड्या घेऊन येतात, फेऱ्या मारतात, शिकतात. डॉक्टर त्या दिवसापासून झपाटले.

या क्लबाबद्दल काय सांगू! तिथे माणसं गाडी चालवायला येतात असं तुम्हाला वाटेल. छे! तिथे माणसं बॉनेट उघडून उभं राहायला येतात. दिवसभर एकमेकांच्या इंजिनात डोकं घालून, "सायलेन्सर बदललास? स्प्रिंग कुठली? टायर कुठले?" फेरी मारून आलेला प्रत्येक जण घामाघूम होऊन उतरतो आणि पहिलं वाक्य म्हणतो, "गाडीत काहीतरी कमी आहे." आजवर एकानेही, "माझ्यात काहीतरी कमी आहे," असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आमचं घोडं अडायचं ते पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर. लांबलचक, उजवीकडे वळत जाणारं वळण आहे ते. डॉक्टर त्यात झोकात शिरायचे. अर्ध्यात पोचले की समोर टायरांची रचलेली भिंत दिसायची, आणि ते दचकून ब्रेकवर पाय मारायचे. आता मला सांगा, मित्रांनो, वळणात झुकलेल्या गाडीला असं एकदम अडवलं की काय होणार? माझा सगळा भार पुढच्या चाकांवर कोसळतो, मागची चाकं हलकी होतात आणि मी भिंगरीसारखी गरगर फिरते. त्यात माझा काय दोष? पाय थोडा धीर धरून जिथल्या तिथे ठेवला असता तर मी त्यांना सुखरूप काढलं असतं. पण नाही. धुरळ्यात उलट्या तोंडाने उभे राहून डॉक्टर म्हणायचे, "मागची बाजू धरत नाही हिची."

झालं! मग माझ्या सुधारणा सुरू झाल्या. आधी रुंद टायर आले. फिरले. मग कडक स्प्रिंगा आल्या, माझी हाडं खिळखिळी झाली, तरी फिरले. मग पाठीवर एक भलामोठा पंख बसवला, विमानाच्या शेपटीसारखा. त्यामुळे म्हणे वारा मला खाली दाबून धरणार होता. त्या पंखावर कबुतरं तेवढी येऊन बसायला लागली, आणि मी पंखासकट फिरले. सुधारणा करून करून जीव नकोसा केला माझा, आणि सुधारायचं ते राहिलंच.

क्लबात शिकवायला एक ताई होत्या. तरुणपणी शर्यती गाजवलेल्या, बोलायला फटकळ. एके रविवारी त्या माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि पहिल्याच फेरीला म्हणाल्या, "डॉक्टर, गाडी झकास आहे. वळणात ब्रेक दाबू नका, एवढंच करा." मला इतका आनंद झाला! कुणीतरी बोललं एकदाचं! पण डॉक्टरांचा चेहरा पडला. दुसऱ्या फेरीला ताई तेच म्हणाल्या. तिसऱ्या फेरीला जरा चढ्या आवाजात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "शेजारची सीट काढून टाक. वजन कमी करायचंय."

वजन! अहो, डॉक्टरांचं स्वतःचं पोट स्टिअरिंगला टेकतं. पण खरं कारण मला ठाऊक होतं. सीटच नाही म्हटल्यावर शेजारी बसणार कोण आणि बोलणार कोण? शिकवणारी सीट उपटून टाकली आणि नाव दिलं सुधारणा. वैतागाने माझं पाणी उकळायचं बाकी राहिलं.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या सकाळी बाई थर्मास घेऊन खाली आली. दार उघडलं तर आत उघडा पत्रा आणि बोल्टांची भोकं.

"अहो, मी कुठे बसायचं?"

"अगं, वजन कमी केलंय. आता बघ कशी पळते ती."

"म्हणजे मी वजन," बाई म्हणाली, आणि थर्मास घेऊन वर निघून गेली. डॉक्टर एकटेच मला घेऊन घाटात गेले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. रस्ता चुकले होते.

सीट बाईने बाल्कनीत नेऊन विटांवर ठेवली. त्यावर बसून ती वह्या तपासायची. खाली माझ्याकडे कधी बघितलं तर बघायची, नाहीतर नाही. मला फार वाईट वाटायचं, पण मला कोण विचारतो?

आणि तरीही मी टाकीच्या वळणावर फिरतच होते. एकदा भिंतीला घासून माझं मागचं दार चेपलं, म्हणजे मला दारंच दोन, मागचं कसलं, डिकीचं झाकण हो. संतापात बोलताना माझंही असं होतं. तर त्या दिवशी डॉक्टर भर मैदानात ओरडले, "हात टेकले मी या गाडीपुढे! पुढच्या रविवारी शेवटचं. पुन्हा त्या वळणावर फिरली, तर इंजिन काढायचं आणि बाकीचं भंगारात." छापखानेवाल्याच्या निळ्या गाडीचं इंजिन नेमकं जळालेलं होतं. "मला द्या," तो पटकन म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "दिलं." छापखानेवाल्याने तिथल्या तिथे टेप काढून माझं इंजिन मापलं, मित्रांनो. माणूस जिवंत असताना त्याच्या तिरडीसाठी मापं घेतल्यासारखं वाटलं मला. इतकी वर्षं धावून, घासून, फिरून माझ्या वाट्याला हे आलं, आणि तेही दुसऱ्याच्या पायाच्या चुकीसाठी.

त्या रविवारी बाई क्लबात आली. गाडी जाणार म्हणून निरोप द्यायला आली असावी. आम्ही फेरीला निघणार तर ताई आडव्या आल्या. "डॉक्टर, पुष्कळ वेळा फिरलात. आता शेजारी माणूस असल्याशिवाय मी सोडणार नाही."

"मग बसा तुम्ही," डॉक्टर कसंबसं म्हणाले.

"मी कशाला? तुमच्यावर ओरडून घसा बसलाय माझा. बाईंना बसवा. मघापासून कठड्याशी उभ्या राहून सगळ्यांची वळणं बघतायत. मी न सांगता त्यांना कळलंय."

बाई म्हणाली, "रिक्षात घालून सीट आणलीय मी. गाडीबरोबरच जाऊ दे म्हटलं. बाल्कनीत ठेवून रोज कोण बघणार?"

सीट बसवली गेली. बोल्ट आवळताना मला बऱ्याच दिवसांनी अंगात जीव आल्यासारखं वाटलं. बाई हेल्मेट घालून बसली, पट्टा ओढला आणि म्हणाली, "अहो, एक सांगू? जो कुणी वळणात फिरतो ना, त्याचा आधी मागचा ब्रेकचा लाल दिवा लागतो. तुमचाही लागत असणार."

"दिव्यात बिघाड असेल," डॉक्टर म्हणाले. ऐकताय ना तुम्ही? दिव्यात बिघाड! माझ्या जिवावर बेतलं होतं आणि या माणसाचं आपलं चालूच.

आम्ही निघालो. सरळ रस्ता संपला, टाकी दिसली, डॉक्टरांनी मला वळणात टाकलं. मी झुकले. माझे टायर कण्हायला लागले. समोर ती भिंत आली, आणि ॲक्सिलरेटरवरचा डॉक्टरांचा पाय चुळबुळायला लागल्याचं मला कळलं. आता उचलणार. आता ब्रेकवर पडणार. संपलं माझं, असं मी म्हटलं.

"खबरदार पाय हलवलात तर!"

अहो, काय तो आवाज! वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, खडू खाली पाडणारा आवाज. डॉक्टर जागच्या जागी थिजले. पाय थिजला. आणि तेवढंच तर मला हवं होतं! माझी चारही चाकं जमिनीला धरून राहिली, भिंत बाजूने निघून गेली, आणि मी वळणातून सरळ बाहेर आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, मित्रांनो. मला रडायला येत असतं तर मी रडले असते.

डॉक्टर आनंदाने ओरडत होते. बाई हसत होती. परत आल्यावर छापखानेवाला टेप हातात घेऊन उभाच होता. डॉक्टर ऐटीत उतरले आणि त्याला म्हणाले, "इंजिन विसर आता. खोट सापडली! शेजारी वजन नव्हतं म्हणून तोल जात होता. सीट बसवली, बाईला बसवलं, गाडी कशी चिकटून गेली बघितलंस?"

मी काय बोलू? ताईंनी कपाळावर हात मारला. बाई चहा पिता पिता ठसका लागेपर्यंत हसली, पण तिने काही दुरुस्त केलं नाही. पुढच्या रविवारी क्लबातल्या अर्ध्या गाड्यांत शेजारच्या सीटवर वाळूची पोती होती, आणि टाकीच्या वळणावर पोत्यांसकट सगळे फिरत होते.

आम्हीही होतो तिथे. बाई शेजारी होती. टाकी जवळ आली, भिंत दिसली, पण बाई मुद्दाम गप्प बसली होती, समोर बघत. डॉक्टरांना घाम फुटला. वळण सुरू व्हायच्या आधीच ते काकुळतीला येऊन म्हणाले, "अगं, बोल ना काहीतरी!"

म्हणजे यांना ठाऊक होतं! वजन म्हणे!

मित्रांनो, गाडी असेल तर तिला तेल द्या, तिच्या टायरांत हवा भरा, तिला पुसा, पण पुसतच बसू नका. आणि शेजारी बसून टोकणारं माणूस मिळालं तर त्याची सीट काढू नका. वैताग येतो, कान किटतात, मला मान्य आहे. तरी बोलू द्या. आज मी तुमच्याशी बोलतेय ती माझ्याच इंजिनाच्या जोरावर, आणि ते माझ्यात राहिलं कारण एक बाई वेळेवर ओरडली.