धूरबाबाचा काळा धूर

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध एक मोटारसायकल गचके खात काळाकुट्ट धूर ओकत होती आणि धूरबाबा तिच्या टाकीवर हात ठेवून गरजत होता, "नीघ! सोड या लोखंडाला!" त्याचा मेहुणा ओल्या फडक्याने गाडी पुसत होता. दोन मिनिटांत धूर थांबला. लोक चक्क रडले हो, एका मोटारसायकलपुढे!

"कुणाच्या हातून दुरुस्त करून घेतलीस?" बाबाने मालकाला विचारलं. मालकाने माझ्या दादाच्या गॅरेजकडे बोट केलं.

"वाटलंच. त्याचा हातच अपशकुनी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. चार महिने दादाच्या गॅरेजकडे गिऱ्हाइकं कमी कमी होत चालली होती, ते याच्यामुळे. आणि आमचे वडील, अण्णा! जन्मभर नुसत्या कानाने कार्बोरेटर लावणारा माणूस, तोही बाबाच्या नादी लागला. "पूर्वी स्क्रू पिळला की पेट्रोल कमीजास्त व्हायचं," ते म्हणायचे. "आता स्क्रूच नाही. माणसाच्या हातात राहिलंय काय?" घरी येताच त्यांनी दादाला बजावलं, "सोमवारपासून हत्यारांना हात लावायचा नाही." दादा स्वतःच्याच हातांकडे संशयाने बघत बसला. तेव्हाच ठरवलं, बाबाला सोडायचं नाही.

दादाला एक खोड होती. दुरुस्त झालेली गाडी धुऊन चकाचक केल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायची नाही. धुवायला पाठवायचा शेजारच्या वॉशिंग सेंटरवर. आणि ते होतं बाबाच्या मेहुण्याचं!

मी दादाची एक चांगली चालणारी गाडी तिथे धुवायला दिली. परत आली ती काळा धूर सोडतच. इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर जोडला. इंजिनाला बोट लावलं तर भाजलं, आणि स्क्रीनवर तापमान उणे दहा! वायर चाचपत गेले, तर टाकीखाली चिकटपट्टीत गुंडाळलेला, तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा सापडला.

रविवारी बाबा मैदानात हार घालून घेत होता. तेवढ्यात मी तो तुकडा त्याच्याच गाडीत बसवला. शेवटी बाबा ऐटीत गाडीवर बसला, बटण दाबलं, आणि भसकन काळा धूर! पांढऱ्या कफनीची पार वाट लागली.

"बाबा, मंत्र म्हणा की!" मी ओरडले.

बाबा म्हणाला, खोकला, परत म्हणाला. मेहुणा फडकं घेऊन धावला, तर गर्दीतल्या एका दूधवाल्याने त्याला मागून धरलं. "तू नको रे, बाबांनाच करू दे."

मेहुणा रडकुंडीला आला. "दाजी, मंत्र पुरे! टाकीखालचा तुकडा काढल्याशिवाय नाही थांबायचं ते!"

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मी सगळ्यांसमोर तुकडा काढला. धूर थांबला. "इंजिन गार असलं की पेट्रोल जास्त लागतं, तापलं की कमी," मी म्हणाले. "हवा किती, ताप किती, हे सेन्सर सांगतात आणि गाडीतला छोटा संगणक तेवढंच पेट्रोल फवारतो. हा विजेला अडवणारा तुकडा ताप मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत बसला की संगणकाला वाटतं, इंजिन गारठलंय. तो पेट्रोल ओततच राहतो. जास्तीचं पेट्रोल धड जळत नाही, त्याचा हा धूर. हीच तुमची बाधा!"

लोक बाबावर धावले. मी अडवलं, दया आली म्हणून नव्हे. चार थपडा खाऊन त्याला सुटू द्यायचं नव्हतं. दादाच्या एकेका गिऱ्हाइकापुढे उभं करून "मी खोटं बोललो" असं वदवून घेतलं. अठरा वेळा.

अण्णा कडेला उभे होते. "मला कसं नाही गं कळलं?"

"कारण तुम्ही बाबाला विचारलंत, अण्णा. तुमच्या पोराला एकदा तरी विचारलंत का, की बाळा, गाडी का धूर सोडते? एकदा टाकी उचलून बघितलीत?"

तुमच्याही घरात कुणाला अपशकुनी ठरवलं असेल, तर आजच त्याच्या शेजारी बसा आणि नेमकं काय बिघडलंय ते दोघं मिळून उघडून बघा. आमचे अण्णा सोमवारी गॅरेजमध्ये आले, दादाच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "दाखव, सेन्सर कुठे असतो."